पहिली फेरी

आमच्या शाळेत खेळाच्या सामानाच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात गोळे, थाळ्या, रिलेचे लाकडी बॅटन, फाटकी व्हॉलीबॉलची जाळी आणि लेझमींचा ढीग असे. या कपाटाच्या डाव्या दाराला, आतल्या बाजूने, पांढऱ्या ऑइलपेंटने एक बेरीज लिहिलेली होती. शाळेच्या बाकांवर नंबर टाकतात तशा जाड आकड्यांत : ५०.८५ + ५४.९२ = १:४५.७७.

आठवीत मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती चुकलेली वाटली. पन्नास आणि चोपन्न मिळून एकशे पाच व्हायला हवेत, एक पंचेचाळीस कुठून आले? मी तसं आमच्या खेळाच्या सरांना म्हटलं. लेझमी मोजता मोजता सर म्हणाले, “सेकंद आहेत ते. साठ बाजूला काढ, मग बघ.” साठ बाजूला काढले आणि बेरीज जुळली. पण मग दुसरा प्रश्न आलाच. हे सेकंद कुणाचे?

“श्रीराम सिंगचे,” सर म्हणाले. “आठशे मीटरचे. मॉन्ट्रियलचे.”

त्या एका ओळीची गोष्ट सरांनी मला पुढची तीन वर्षं तुकड्यातुकड्याने सांगितली. कधी मैदान आखताना, कधी जिल्ह्याला निघालेल्या एसटीत. सर पतियाळाला प्रशिक्षकाचा कोर्स करून आले होते, आणि तिथून त्यांनी काय आणलं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, ही बेरीज आणली.

आमच्या मैदानात चारशे मीटरचा ट्रॅक बसत नव्हता. एका अंगाला ओढा आणि दुसऱ्या अंगाला पाटलांचं शेत. सर दोनशे मीटरचाच आखत. खिळ्याला सुतळी बांधून वळणं घ्यायची आणि डालड्याच्या डब्याला तळाशी भोकं पाडून, त्यात फक्की भरून, डबा थोपटत थोपटत रेघ ओढत जायचं. सरांच्या पायजम्याच्या टोकाला दिवसभर पांढरी किनार असे. अशा ट्रॅकवर आठशे मीटर म्हणजे चार फेऱ्या. पहिली फेरी कुणालाही जमायची. दुसरीत श्वासाचा आवाज स्वतःलाच ऐकू यायला लागायचा. तिसरीत ओढ्याकडच्या कडुलिंबापाशी आलं की पायांना धोंडे बांधल्यासारखं व्हायचं. सगळ्यांनाच तिथेच व्हायचं. आम्ही मुली त्या झाडाला घाबरायचो.

का होतं तसं, ते सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. शंभर मीटरवाल्याची शर्यत दम लागायच्या आत संपते. लांब पल्ल्याचा धावणारा दम पुरवून पुरवून खर्च करतो. आठशे मीटरवाल्याला यातली कोणतीच सोय नाही. त्याचा वेग एवढा असतो की छातीतून मिळणारा प्राणवायू स्नायूंना पुरत नाही, आणि अंतर एवढं असतं की प्राणवायूशिवाय भागवताही येत नाही. मग स्नायू जमेल तसं स्वतःपुरतं इंधन जाळतात, त्यातून आम्ल साठत जातं, आणि पाचशे-सहाशे मीटरच्या आसपास पाय सांगितलेलं ऐकेनासे होतात. तिथून पुढचे दोनशे-तीनशे मीटर म्हणजे खरी शर्यत. म्हणून पहिल्या फेरीत किती वेगाने जायचं, हा या धावण्यातला सगळ्यात अवघड निर्णय. तो घ्यायचा असतो पाय ताजे असताना, आणि त्याचा हिशेब द्यायचा असतो पाय संपल्यावर.

‘मध्यम पल्ला’ या शब्दाने हे कळत नाही. मध्यम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बेताचं, सोसवणारं काहीतरी येतं. मध्यम उंची, मध्यम आच. गाणं शिकणाऱ्यांना मात्र मध्यलय विचारावी. विलंबितात श्वास घ्यायला जागा असते, द्रुतात वेगच निभावून नेतो, मध्यलयीत लपायला कुठे आडोसा नसतो. आठशे मीटर तसं आहे.

श्रीराम सिंग आठशे मीटरकडे वळला तो आपणहून नव्हे. राजस्थानातल्या खेड्यातला हा मुलगा साठीच्या दशकाच्या अखेरीस राजपुताना रायफल्समध्ये भरती झाला, तेव्हा तो पाच हजार मीटर धावत असे. (मैदानावरच्या माणसाला मराठीत आपण अहो-जाहो करत नाही, जवळचा समजून अरे-तुरे करतो, मीही तेच करते आहे.) त्याला पारखलं इलियास बाबर यांनी. बाबर हे प्रशिक्षक म्हणून मोठं नाव, पुढे द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी. लांब पल्ल्याच्या या पोराच्या पायांत आणखी वेग आहे हे त्यांनी हेरलं आणि त्याला चारशे-आठशेकडे वळवलं. म्हणजे ज्याच्या छातीत दम होता त्याच्या पायांत त्यांनी वेग घातला. सरांचं म्हणणं असे की उलटं करणं फार कठीण. वेगवान मुलाला आठशेची यातना सोसायला शिकवता येत नाही. सोसणाऱ्याला वेग मात्र शिकवता येतो.

१९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत श्रीरामला आठशे मीटरचं रौप्य मिळालं; सुवर्ण ब्रह्मदेशाच्या जिमी क्रॅम्प्टनचं. १९७२ ला तो म्युनिक ऑलिंपिकला गेला आणि प्राथमिक शर्यतीतच बाहेर पडला. अशा वेळी बऱ्याच जणांची कारकीर्द वळचणीला लागते. नोकरी पक्की असते, गावी परतलं की ‘ऑलिंपिकला जाऊन आलेला’ म्हणून मान असतो. श्रीराम परत तालमीला लागला. १९७३ ला अर्जुन पुरस्कार, १९७४ ला पद्मश्री, आणि त्याच वर्षी तेहरानच्या आशियाई खेळांत आठशे मीटरचं सुवर्ण. दोन वर्षांनी तो मॉन्ट्रियलला पोचला तेव्हा आशियात त्याच्या पुढे कुणी नव्हतं. पण आशियाबाहेर त्याचं नाव कुणाच्या हिशेबात नव्हतं.

प्राथमिक शर्यतीत त्याने १:४५.८६ वेळ देऊन आशियाई विक्रम केला. उपांत्य फेरीही पार केली. २५ जुलै १९७६ ला आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीच्या रेषेवर आठ जण उभे राहिले. क्यूबाचा अल्बेर्तो हुआंतोरेना, सहा फुटांहून उंच, लांबलचक ढांगा टाकणारा. खरं तर चारशे मीटरचा गडी. बेल्जियमचा इव्हो व्हॅन डॅम, अमेरिकेचा रिक वोलह्युटर, विशीतला इंग्रज स्टीव्ह ओव्हेट, जर्मन व्युलबेक, युगोस्लाव्हियाचा सुशान्य, इटलीचा ग्रिप्पो. आणि भारताचा श्रीराम सिंग. न्यूझीलंडच्या रग्बी संघाच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या निषेधार्थ आफ्रिकी देशांनी बहिष्कार घातला होता, म्हणून केनियाचा माइक बोइट तिथे नव्हता.

ती शर्यत मी पुढे खूप वर्षांनी मोबाइलवर पाहिली. एवढासा पडदा, धुरकट चित्र. सरांनी सांगितलेलं ऐकून डोळ्यांपुढे जे उभं केलं होतं त्याच्याशी ताडून बघत होते. बंदूक वाजते आणि काही वेळाने सगळे आतल्या कडेला येतात, तेव्हा सगळ्यात पुढे श्रीराम सिंग आहे. त्याला कुणी पुढे ढकललेलं नाही, गर्दीत वाट चुकून तो तिथे आलेला नाही. मान ताठ आहे, हात घट्ट चालले आहेत. त्याच्या खांद्याशी तो धिप्पाड क्यूबन आहे. घंटा वाजते तेव्हाही श्रीराम पुढेच आहे. चारशे मीटर, ५०.८५ सेकंद.

मी तिथे चित्र थांबवलं. कपाटाच्या दारावरचा पहिला आकडा तो हा. जगातल्या सगळ्यात वेगवान आठ माणसांच्या शर्यतीत अर्ध्या वाटेवर एक भारतीय पुढे आहे, हे मी ऐकून जाणत होते. बघणं वेगळं होतं. पुढे काय होणार ते ठाऊक असूनही मला वाटलं, हे चित्र इथेच राहू दे.

पण सुरू करावंच लागलं. पाठीमागच्या सरळ पट्ट्यात हुआंतोरेना ढांगा वाढवतो आणि पुढे निघतो. मग एकेक जण जातो. कडुलिंबाची जागा मॉन्ट्रियलमध्येही होती. हुआंतोरेनाने १:४३.५० मध्ये विश्वविक्रम केला. व्हॅन डॅम दुसरा, वोलह्युटर तिसरा. श्रीराम सातवा, १:४५.७७. दुसरी फेरी ५४.९२ ची, पहिलीपेक्षा चार सेकंदांनी मंद. सहाव्या आलेल्या सुशान्यची वेळ १:४५.७५. दोघांत दोन शतांश सेकंद.

हुआंतोरेनाने आपल्या विश्वविक्रमाचं श्रेय श्रीरामच्या त्या वेगवान पहिल्या फेरीला दिलं. हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं आणि त्यात गैर काही नाही. पण ते सांगता सांगता अनेकांच्या बोलण्यात एक शब्द येतो, ‘पेस लावणारा’, आणि तिथे मला थांबवावंसं वाटतं. पेस लावणं हे धावण्यातलं एक वेगळं काम आहे. १९५४ च्या ६ मे ला ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर मैल चार मिनिटांच्या आत धावला तेव्हा ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांनी त्याच्यासाठी आळीपाळीने वेग धरला होता. तो मैत्रीचा सौदा होता आणि फार सुंदर होता. आज मोठ्या स्पर्धांत त्यासाठी पैसे देऊन माणूस ठेवतात. तो फेरी-दीड फेरी ओढून बाजूला होतो. श्रीराम बाजूला झाला नाही. तो कुणासाठी पुढे गेला नव्हता. स्वतःसाठी गेला होता, कारण मागे राहून शेवटच्या दोनशे मीटरमध्ये या लोकांच्या वेगाला आपण पुरणार नाही हे त्याला माहीत असणार. त्याच्याजवळ जे होतं ते दम आणि धीर. ते वापरायची जागा पहिल्याच फेरीत होती.

आणि पुढे गेल्याने त्याचं नुकसान झालं का? या प्रश्नावर सर एरवी शांत असणारे, एकदम हातवारे करून बोलायचे. “सातवा, सातवा काय म्हणता? आयुष्यात कधी धावला नव्हता एवढं तो त्या दिवशी धावला. ऑलिंपिकच्या फायनलमध्ये! आपली सगळ्यात चांगली धाव तिथे काढणं किती जणांना जमतं?” आशियाई विक्रम त्याने त्या स्पर्धेत दुसऱ्यांदा मोडला होता, प्राथमिक शर्यतीतला स्वतःचाच.

सरांनी आम्हा मुलींना आठशेला उतरवलं ते गावात फारसं कुणाला पटलं नव्हतं. शंभर-दोनशे ठीक आहे, लांब उडी ठीक आहे. पोरींना आठशे कशाला, झेपायचं नाही. हे म्हणणारे आमच्याच गावात होते असं नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर धावल्या. जर्मनीची लीना राडके २:१६.८ वेळ देऊन जिंकली. जपानची किनुए हितोमी दुसरी आली. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. पण वर्तमानपत्रांनी छापलं ते धावून दमलेल्या, कोसळलेल्या बायांचं चित्र, अतिशयोक्ती करून. शर्यत संपल्यावर पुरुषही गवतावर पडतात, ते कुणाला खटकलं नव्हतं. बायकांची आठशे मीटर शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली आणि परत आली ती थेट १९६० ला, रोममध्ये. बत्तीस वर्षं. हितोमी तर १९३१ ला, अवघ्या चोविसाव्या वर्षी वारली होती. आमच्या काळात १९८४ ला केरळची शायनी अब्राहम लॉस एंजेलिसला आठशेच्या उपांत्य फेरीत धावली, तेव्हा सरांनी पेपरातलं ते कात्रण त्याच कपाटाच्या उजव्या दाराला चिकटवलं होतं.

मी जिल्ह्याच्या स्पर्धेला आठशे धावले ते त्याच्या आदल्या वर्षी. तिथे खरा चारशेचा ट्रॅक होता, गवताचा, पण दोनच फेऱ्यांचा. चार फेऱ्यांच्या सवयीला दोन फेऱ्या फार मोठ्या वाटल्या. कडुलिंब कुठे येणार तेच कळेना. माझी तोवरची सगळ्यात चांगली वेळ दोन मिनिटं चाळीस सेकंद होती. सरांनी काही सांगितलं नाही. स्टॉपवॉचची दोरी मनगटाला गुंडाळत एवढंच म्हणाले, “तुला काय वाटतंय तसं धाव.”

मला काय वाटत होतं ते मला पहिल्या वळणावर कळलं. पुढे जावंसं वाटत होतं. मी गेले. कानात वारा, मागे सात-आठ जोड्यांच्या पावलांचा धबधब आवाज, समोर फक्त फक्कीची रेघ. पुढे असलं की समोर कुणाची पाठ दिसत नाही, ही गोष्ट मी त्याआधी अनुभवली नव्हती. घंटा माझ्यासाठी वाजली. मग पाठीमागच्या सरळ पट्ट्यात, जिथे एकही झाड नव्हतं तिथे, माझा कडुलिंब आला. एक गेली, दुसरी गेली. मी पाचवी आले.

रेषेपलीकडे मी मातीत बसले होते. आमच्यासोबत आलेलं कुणीतरी म्हणालं, “कशाला पुढं पळत सुटलीस? जरा दमानं घ्यायचं ना.” मला रडू आलं. सर आले, उकिडवे बसले आणि प्रवेशअर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं : ७० + ८४. “कर बेरीज,” म्हणाले. एकशे चोपन्न. साठ, साठ बाजूला काढले. दोन मिनिटं चौतीस.

“चाळीसची चौतीस झाली,” सर म्हणाले. “पाचवी आलीस ते खरं. पण अशी धावली नव्हतीस कधी.”

जी पहिली आली होती ती दुसऱ्या तालुक्यातली होती. पूर्ण पहिली फेरी माझ्या मागे, उजव्या खांद्याशी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात ग्लुकोजची पूड लावलेली लिंबाची फोड होती, तिने ती दातांनी तोडून अर्धी मला दिली. आम्ही काही बोललो नाही. तिचं नावही मला आज आठवत नाही, लिंबाची आंबटगोड चव मात्र आठवते. पुढे जेव्हा मी वाचलं की हुआंतोरेनाने आपल्या विक्रमासाठी श्रीरामचे आभार मानल्यासारखं काही म्हटलं, तेव्हा मला पहिल्यांदा ती फोड आठवली.

पुढच्याचं मागच्यांशी असं नातं असतं. पुढचा वारा कापतो, वेग ठरवतो, आणि एवढ्या वेगाने जाता येतं हे नुसतं पुढे राहून दाखवत राहतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये केनियाचा डेव्हिड रुदिशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे राहून धावला आणि १:४०.९१ चा विश्वविक्रम करून गेला. पण त्या शर्यतीचा खरा चमत्कार शेवटून बघावा. आठवा, म्हणजे सगळ्यात मागे आलेला ब्रिटनचा अँड्र्यू ओसागी १:४३.७७ मध्ये धावला. ही वेळ आधीच्या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकाला पुरली असती. एक माणूस पुढे गेला आणि मागचे सातही जण ओढले गेले.

श्रीराम सिंगच्या कारकिर्दीकडे मी या अंगाने बघते तेव्हा अभिमानाखाली एक बोच लागते. मॉन्ट्रियलमध्ये त्याच्या मागे हुआंतोरेना होता, व्हॅन डॅम होता, ओव्हेट होता. त्यांना त्याने ओढलं. मायदेशी परतल्यावर त्याच्या मागे कोण होतं?

त्याची स्वतःची दुसरी फेरीही चांगली गेली. १९७८ ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण त्याने राखलं. १९८० ला मॉस्कोला, तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये, उपांत्य फेरीपर्यंत पोचला. मग तो थांबला. त्याचा १:४५.७७ चा आकडा मात्र थांबला नाही. आशियाई विक्रम म्हणून तो १९९४ पर्यंत टिकला आणि भारतीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत. बेचाळीस वर्षं. मॉन्ट्रियलच्या विजेत्याचा विश्वविक्रम वर्षभराने त्याने स्वतःच मोडला, आणि १९७९ ला इंग्लंडच्या सेबॅस्टियन कोने तो सेकंदाहून जास्त फरकाने मागे टाकला. इव्हो व्हॅन डॅम तर १९७६ च्याच डिसेंबरात, बावीस वर्षांचा असताना, मोटार अपघातात गेला. ब्रुसेल्सची मोठी स्पर्धा आजही त्याच्या नावाने भरते. जग पुढे धावत राहिलं. सातव्या आलेल्या माणसाचा आकडा तिकडे जुना झाला आणि इकडे चार दशकं शिखरावर बसून राहिला.

आपण ते कौतुकाने सांगतो : “बेचाळीस वर्षं कुणी मोडू शकलं नाही!” सरांना हे वाक्य आवडत नसे. ते म्हणायचे, “त्यात त्याचं मोठेपण आहे, पण आपलं नाही. मागं कुणी आलंच नाही, याची ती नोंद आहे.” नांगराचं पहिलं तास सरळ पडलं की पुढची सगळी तासं त्याच्या आधाराने सरळ पडतात. पण पुढची तासं घालायला बैल लागतात, माणूस लागतो, ओल लागते. नाहीतर एवढ्या मोठ्या रानात ते एकच तास वर्षानुवर्षं सरळ पडून राहतं.

हे एकट्या आठशेचं नव्हतं. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये गोपाल सैनीचा १९८१ चा विक्रम सदतीस वर्षं टिकला. तो २०१८ ला मोडला आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने. शेतकऱ्याचा मुलगा, महार रेजिमेंटमधला जवान, सियाचीनमध्ये नेमणूक करून आलेला. तोही आठशेच्या श्रीरामसारखा सैन्यानेच घडवला. २०२३ ला हांगझोच्या आशियाई खेळांत तो सुरुवातीपासून एकटा पुढे गेला आणि एकटाच सुवर्णापर्यंत पोचला. त्याआधी, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत प्राथमिक शर्यतीत ९:१९.७६ धावली आणि अंतिम फेरीत गेली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम शर्यतीत धावणारी पहिली भारतीय स्त्री. ती दहावी आली. दुष्काळी माणदेशातून निघालेल्या ललिताचा विक्रम सात वर्षांनी मेरठकडच्या पारुल चौधरीने मोडला. ती बातमी वाचून मला वाईट वाटायला हवं होतं कदाचित, आपल्या सातारची मुलगी म्हणून. मला बरं वाटलं. बेचाळीस, सदतीस आणि मग सात. मागून पावलांचा आवाज येतो आहे.

२७ जून २०१८ ला गुवाहाटीत केरळच्या जिन्सन जॉन्सनने आठशे मीटर १:४५.६५ मध्ये धावून श्रीरामचा विक्रम मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना फोन केला. सर तेव्हा ऐंशीच्या घरात होते, ऐकू कमी यायचं. मी आकडा दोनदा सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. ते मनात वजाबाकी करत असणार, कारण मग म्हणाले, “बारा शतांश. बेचाळीस वर्षांनी बारा शतांश.” आणि नंतर, अगदी सरांसारखं : “पहिली फेरी कितीची होती गं?”

मला सांगता आलं नाही. मी शेवटचा आकडाच वाचला होता. सगळ्यांनी तोच छापला होता, तोच लक्षात राहतो. कपाटाच्या दारावर सरांनी एवढी रंगाची मेहनत करून तीन आकडे का लिहिले होते, नुसता १:४५.७७ का लिहिला नव्हता, ते मला इतक्या वर्षांनी त्या फोनवर नीट कळलं. शेवटचा आकडा कागदोपत्री जातो. माणूस कसा धावला ते पहिल्या आकड्यात असतं.

सर आता नाहीत. शाळेची ती खोली पाडून तिथे नवी इमारत उभी आहे, कपाट कुठे गेलं कुणास ठाऊक. मी धावणं बारावीला सोडलं. निवृत्तीनंतर मात्र रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर जाते. तिथे काही तरुण शिक्षक मुलामुलींकडून सराव करून घेतात आणि त्यांना घड्याळ धरणारं माणूस कमी पडतं. मी घड्याळ धरते. मैदान चारशेचं आहे, रेघा अजूनही फक्कीच्याच.

गेल्या रविवारी नववीतल्या मुलींचं आठशे होतं. सात जणी. एक काटकुळी, दोन वेण्या घातलेली मुलगी पहिल्याच वळणावर पुढे निघाली आणि थांबेचना. माझ्या शेजारी उभे असलेले एक पालक चुकचुकले. “ही मरणार बघा दुसऱ्या फेरीत,” ते म्हणाले. त्यांचं बरोबर असू शकतं. मी काही बोलले नाही. मुलगी रेषेजवळ आली, तोंड उघडं, डोळे समोर. मागे तीन मुली तिच्या पावलात पाऊल टाकत येत होत्या, एरवी कधी येत नाहीत तेवढ्या वेगाने. मी घड्याळ बघितलं आणि मला जमेल तेवढ्या मोठ्याने, चौघींनाही ऐकू जाईल असं ओरडले, “एकाहत्तर!”